पलंगाचा शटडाउन

"अजिंक्यराव, तसं बोलायला बरं वाटत नाही," असं म्हणून सोपानरावांनी लिफ्टचं दार अडवून धरलं, आणि जे बोलायला बरं वाटत नव्हतं ते बराच वेळ बोलत राहिले.

मी महाळुंग्याच्या कंपनीतून तिसरी पाळी करून नुकताच मोशीला पोचलो होतो. डोळे उघडे होते म्हणून मी जागा आहे असा लोकांचा समज होत होता, इतकंच. सोपानराव आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये राहतात, आणि रिटायर झाल्यापासून दुपारचं काय करायचं हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. त्यांचं म्हणणं असं, की दुपारी त्यांच्या बेडरूमच्या छतातून कुरकुर ऐकू येते. लाकडी कुरकुर. आधी सावकाश, मग भरभर, मग एकदम शांत.

"आम्हीही संसार केलाय," ते आवाज खाली आणून म्हणाले. "पण आमचा पलंग सागवानी होता."

आता इथे एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. आमच्या घरात तसलं काही गेल्या गणपती विसर्जनानंतर झालेलं नव्हतं, आणि आता एप्रिल चालू होता. उपाशी माणसाला ढेकर देतो म्हणून हटकावं, तसं ते माझ्याशी बोलत होते. "तो आवाज आमचा नाही," एवढं एक वाक्य पुरेसं होतं. पण ते वाक्य उच्चारलं की त्याच्या पोटातलं दुसरं वाक्यही बाहेर पडलं असतं. माझ्यासारख्या पोट सुटलेल्या, डोळ्यांखाली काळं आलेल्या माणसावर रोज दुपारच्या पराक्रमाचा आरोप होतो, हे आयुष्यात किती वेळा घडतं? मी मान खाली घातली, जरासा लाजल्यासारखा, आणि म्हणालो, "बघतो. दुरुस्त करून घेतो."

सोपानरावांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. "मजा करा. पण ऑइलिंग करा."

आमच्या घरात या विषयाची भाषा पहिल्यापासून कबड्डीची आहे. कारण माझी बायको तेजस्विनी. निगडीच्या एका शाळेत ती क्रीडाशिक्षिका आहे आणि कॉलेजात असताना जिल्ह्याच्या संघातून डावा कोपरा सांभाळायची. घोट्याची पकड करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मी त्या काळात तळेगावच्या मैदानावर गुणफलकाचे आकडे बदलायचो, म्हणजे खेळाशी माझाही संबंध होता. लग्नानंतरच्या पहिल्याच चढाईत मी मांडी थोपटून, मोठ्या आवेशात आत शिरलो आणि दम सुरू व्हायच्या आत बाद झालो. तेजस्विनी खूप हसली. "चढाईपटूने घाई करायची नसते," ती म्हणाली. "आधी मैदान बघायचं." पुढे मी मैदान बघायला शिकलो. अशीही एक-दोन वर्षं होती, की मध्यंतरानंतर नियमाप्रमाणे बाजू बदलून आम्ही दुसरा डावही खेळायचो, आणि बोनस गुणांवरून भांडायचो.

भिंतीपलीकडे माझी आई, शालनबाई, आणि हळूहळू मोठी होत चाललेली मुलगी, त्यामुळे ही भाषा सोयीचीही पडली. पोळ्या लाटता लाटता तेजस्विनी विचारायची, "आज सामना आहे ना?" बाहेरून आई विचारायची, "कुनाचा हाय रं?" मी म्हणायचो, "पुण्याचा, आई." आई म्हणायची, "हरू द्या त्यास्नी."

मग हंगाम मंदावत गेला. आमच्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी आणि शाळेची रविवारी. आठवड्याला माझी पाळी बदलते. दोन्ही संघ एका वेळी मैदानावर हजर असणं हेच दुर्मीळ, आणि असले तर एकाच्या अंगात दम नाही. एका खेपेला मी भर चढाईत, मध्यरेषेवरच, झोपलो. तेजस्विनीने माझ्या अंगावर पांघरूण घातलं. त्याच्या नंतरच्या खेपेला मुलीने दार वाजवून चार्जर मागितला, आणि चार्जर शोधून देईपर्यंत दोन्ही बाजूंचा उत्साह संपला. कबड्डीत नियम आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरी करो या मरोची. तिसऱ्या चढाईला मी गेलोच नाही. दुपारी कूलर मोठा करायचा, कानात कापूस घालायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं, ही माझी त्यानंतरची बचावनीती होती. तेजस्विनीही काही म्हणत नव्हती. ती म्हणत नव्हती याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

अशात आई देहूला निघाली. तिथे तिची बहीण असते, सप्ताहाचे शेवटचे दिवस आणि काला करून गुरुवारी संध्याकाळी ती परतणार होती. मुलगी सुट्टीला आत्याकडे. तेजस्विनीची शाळा सकाळची, दुपारी घरी. आणि माझी पाळी तिसरी, म्हणजे दुपार मोकळी. असा योग आमच्या घरात कधी आल्याचं मला तरी आठवत नाही.

रविवारी आईला रिक्षात बसवून मी वर आलो. तेजस्विनी ओट्याला टेकून उभी होती. केस मोकळे सोडले होते. ती म्हणाली, "गुरुवारपर्यंत घरात कोणी नाही. तुला काही सुचतंय का?"

आता माझ्या नोकरीबद्दल थोडं सांगणं भाग आहे, नाहीतर पुढचा मूर्खपणा केवळ माझा वाटेल. कारखान्यात लाइन चालू असताना कोणी कशाला हात लावू देत नाही. काय कुरकुरतं, काय गळतं, काय सैल झालंय, ते वर्षभर फक्त मनात ठेवायचं. मग दिवाळीत लाइन रिकामी झाली की शटडाउन घ्यायचा आणि सगळं उघडायचं. माझी सगळी नोकरी क्वालिटी खात्यात अशीच गेली. 'कोणी नाही' हे शब्द कानावर पडताच माझं रक्त जिथे धावायला हवं होतं तिथे न जाता थेट डोक्यात गेलं.

"अगं खरंच की," मी आनंदाने म्हणालो. "पलंगाचं काम काढू."

तेजस्विनीने माझ्याकडे बघितलं. मग केस वर बांधले. "काढ," ती म्हणाली आणि कुकर लावायला घेतला.

मला वाटलं, परवानगी मिळाली.

सोमवारी झोप अर्धवट टाकून मी उठलो. दोष डोळ्यांसमोर घडवून आणल्याशिवाय तो दोष मानायचा नाही, ही आमच्या खात्याची शिस्त. पलंग पेटीचा होता. आधी त्याचं पोट रिकामं केलं. गोधड्या, पितळी घंगाळ, आहेरात आलेल्या आणि कोणाला तरी आहेरात द्यायच्या साड्या, एक बंद पडलेला हीटर, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले तेजस्विनीचे कबड्डीचे कप. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा उरली नाही. मग प्रश्न आला वजनाचा. चाचणीला माणसाएवढं वजन हवं. आईने वर्षाचे गहू भरून ठेवले होते, त्यातलं एक पोतं मी ओढत आणलं.

बनियन आणि हाफ चड्डीवर मी ते पोतं मिठीत घेतलं, पलंगावर आडवा झालो आणि चाचणी सुरू केली.

सुरुवातीला आवाज आला नाही. कूलरच्या घरघरीत ऐकू येत नसेल म्हणून कूलर बंद केला. वेग वाढवला. पोतं खाली, मी वर. मी खाली, पोतं वर. मग डावी कड, उजवी कड, गुडघ्यांवर, कुशीवर. इतके प्रकार मी या पलंगावर नवीन असतानाही केले नव्हते. घामाने निथळलो. पोत्याच्या बाजूने एवढं सांगितलं पाहिजे, की त्याने एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. बऱ्याच वेळाने पलंग कुरकुरला. धक्के खाऊन खाऊन तो आत्ताच सैल झाला होता हे मला तेव्हा सुचलं नाही. दोष सापडला म्हणून मला इतका हुरूप आला, की मी आणखी जोरात सुरुवात केली.

त्याच वेळी खाली काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. सोपानरावांच्या पत्नी सुभद्राबाई गेटपाशी भाजी घेत होत्या. वरच्या हादऱ्यांनी झोप होईना म्हणून त्या खाली आल्या होत्या. समोरून तेजस्विनी आली, शाळेतून, गळ्यात शिट्टी, ट्रॅकसूट धुळीने भरलेला. सुभद्राबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग आमच्या खिडकीकडे बघितलं. मग तिचं मनगट धरलं.

"तेजू, तू आत्ता येतेयस?"

"हो, काकू."

"मग वर कोण आहे गं?"

लिफ्टची वाट न बघता दोघी जिने चढल्या. तेजस्विनीने किल्लीने दार उघडलं, कपांमधून वाट काढत दोघी बेडरूमपाशी आल्या, आणि दार ढकललं तेव्हा मी पोत्यावर होतो, तोंड दाराकडे. सुभद्राबाईंच्या हातात मुळ्याची जुडी होती आणि ती त्यांनी उगारलेली होती.

"हे काय चाललंय?" तेजस्विनीने विचारलं.

"टेस्टिंग," मी म्हणालो.

पोत्याची शिवण उसवली होती आणि गहू बारीक धारेने गादीवर पडत होते. सुभद्राबाईंनी पडद्यामागे बघितलं, कपाट उघडून बघितलं, बाथरूमचं दार ढकलून बघितलं. त्यांची निराशा मला स्पष्ट दिसली.

"एकटेच आहेत," त्या तेजस्विनीला म्हणाल्या. मला चोर म्हटलं असतं तर चाललं असतं, पण त्या स्वरात दया होती. जाता जाता दारात थांबून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, शाळा-बिळा ठीक आहे. पण जरा यांच्याकडेही लक्ष दे गं."

तेजस्विनी हसली असती तर मी सगळं विसरलो असतो. ती हसली नाही. माझ्या चड्डीतून जमिनीवर सांडलेले गहू तिने बघितले, सुपात भरून घेतले आणि म्हणाली, "मी दमलेय, अजिंक्य." आणि आईच्या कॉटवर जाऊन झोपली.

मंगळवारी अनिस आला. जाधववाडीच्या रस्त्याला त्याचं फर्निचरचं दुकान आहे. तो सकाळी चाकणला साइटवर असतो, त्यामुळे येणार तो दुपारीच. त्याने पलंगाला एक लाथ घातली, कान लावला, आणि म्हणाला, "साहेब, ये बेड झोपायला नाय बनवला. ये फोटो काढायला बनवला." बाजूच्या फळ्या बदलायच्या, मधे आडवं लाकूड टाकायचं, आणि त्यासाठी ड्रिल मारायचं. त्याने ड्रिलची पिन बोर्डात लावली, एकदाच घुर्र केलं, आणि बेल वाजली.

दारात सोपानराव. दुपारी एक ते चार सोसायटीत ड्रिल बंद. नियम त्यांनीच केलेला. हवं तर अर्ज द्या, रविवारी कमिटीपुढे ठेवू.

"अहो, पण तक्रार तुमचीच होती ना?"

"तक्रार मी रहिवासी म्हणून केली," सोपानराव शांतपणे म्हणाले. "परवानगी सेक्रेटरी म्हणून द्यायची असते. दोन्ही एकत्र करून कसं चालेल?"

शेवटी अनिसने पलंग पार सुटा केला आणि फळ्या दुकानात नेऊन काम करतो म्हणाला. तर फर्निचर गेटबाहेर न्यायला गेटपास. गेटपासवर सेक्रेटरींची सही. सोपानराव वर येऊन गेले ते आता झोपले होते, आणि झोपलेल्या सेक्रेटरींना उठवू नये असाही एक नियम निघाला. माझा पलंग गाद्या नसलेल्या अवस्थेत पार्किंगमध्ये उभा, आणि येणारा-जाणारा त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे बघून जात होता. सुभद्राबाईंनी सोमवारची हकिगत स्वतःपाशी ठेवली नव्हती. बी विंगमधला एक गृहस्थ, ज्याचं नावसुद्धा मला माहीत नाही, जवळ येऊन म्हणाला, "सराव सोडायचा नाही, भाऊ. येतं हळूहळू."

पार्किंगच्या बाकावर लक्ष्मणराव आणि सोजरबाई बसले होते. आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. ही इमारत उभी आहे ती मुळात त्यांच्या शेतावर, बिल्डरने जमिनीच्या बदल्यात दिलेले फ्लॅट सोसायटीत त्यांचेच जास्त. लक्ष्मणराव सत्तरीच्या पुढचे, टोपी, धोतर. सोजरबाई चालताना गुडघ्यावर हात ठेवून चालतात.

"काय रं, पलंग चालला व्हय?" लक्ष्मणरावांनी विचारलं.

"हो, काका. कुरकुरतो."

"कुरकुरंना का. आमची बाज बी कुरकुरती. बापाच्या येळची हाय. काय बिघाडलं न्हाई."

सोजरबाईंनी त्यांच्या दंडावर चापटी मारली. "गप बसा की."

मी मान डोलावली. दोष शोधण्याचा पगार घेणाऱ्या माणसाने तेव्हा दोष ऐकून तसाच सोडून दिला.

बुधवारी अनिसचा फोन बंद. त्याच्या मावसभावाचं मंचरला लग्न होतं, हे दुकानाच्या शेजारच्या माणसाकडून कळलं. गादी जमिनीवर, पलंगाचे खिळे बशीत, चारनंतर सही मिळून गेलेल्या फळ्या जाधववाडीला. मी गादीवर पडलो आणि झोप येईना. हॉलमध्ये कप अजून तसेच होते. एक उचलून बघितला. त्यावर 'उत्कृष्ट पकड' असं कोरलेलं होतं, अक्षरांत जुना शेंदूर अडकलेला. त्या वर्षी अंतिम सामन्यात तिने जी पकड केली होती ती मी गुणफलकापाशी उभा राहून बघितली होती आणि आकडा बदलायचा विसरलो होतो. पंच माझ्यावर ओरडले होते. ती वळून माझ्याकडे बघून हसली होती. आमच्या ओळखीची सुरुवात ती.

कप पुसून मी खिडकीत ठेवला, आणि एकदम मला भीती वाटली. तेजस्विनीला असं तर वाटत नसेल, की मला ती नकोशी झालीय म्हणून मी पलंगामागे लागलोय? खरं तर उलट होतं. पलंगापुढे नापास झालो तर अनिसला बोलावता येत होतं. तिच्यापुढे तिसऱ्यांदा नापास झालो असतो तर कोणाला बोलावणार होतो? पण हे तिला सांगितल्याशिवाय कसं कळणार. ती आली, खिडकीतला कप तिने बघितला, आणि परत आईच्या कॉटवर जाऊन पडली. चार दिवसांचा शटडाउन संपत आला होता आणि लाइन पूर्वीपेक्षा जास्त बंद पडली होती.

गुरुवार उजाडला. माझी सुट्टी. आमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तशी ती सकाळपासून गेली होती. मी दाढी केली. गादीवर धुतलेली चादर घातली. संध्याकाळी आई येणार होती. तेजस्विनी शाळेतून आली ती तशीच, शिट्टीसकट, ताकाचे दोन पेले घेऊन गादीच्या कडेला बसली. बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. पंखा नाही, कूलर नाही, सगळी इमारत गप्प.

"तेजू," मी म्हणालो, "मला एक सांगायचंय."

दारावर थाप पडली.

सोपानराव होते, आणि या वेळी चिडलेले होते. "अजिंक्यराव, काही मर्यादा? इतकं सांगून, इतका गाजावाजा करून, आवाज आहे तसाच! आत्ता, या क्षणी!"

"आत्ता?" तेजस्विनी मागून म्हणाली. "आत्ता आम्ही ताक पितोय, काका."

मी त्यांना हाताला धरून बेडरूममध्ये आणलं. जमिनीवरची गादी दाखवली. पलंगाच्या जागी धुळीचा चौकोन होता, तोही दाखवला. सोपानराव त्या चौकोनाकडे बघत राहिले, आणि त्या शांततेत आम्हा तिघांना एकदमच ऐकू आलं.

कुर्र. कुर्र.

वरून येत होतं. आधी सावकाश. आम्ही तिघांनी माना वर केल्या. मग भरभर. सोपानरावांनी तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. मग एकदम शांत. मग लक्ष्मणरावांचा तो ओळखीचा खोकला, आणि त्या खोकल्यावर सोजरबाईंचं खुदकन हसणं, एखाद्या मुलीसारखं.

रोज दुपारी मी कानात कापूस घालून, कूलर मोठा करून ज्याच्याखाली झोपत होतो ते हे होतं. भिंतीतून, कॉलममधून ते खाली सोपानरावांपर्यंत पोचत होतं, आणि मधल्या मजल्यावर नाव माझं होत होतं.

"काका," तेजस्विनीने अगदी गंभीरपणे विचारलं, "वर जाऊन सांगायचं का? ऑइलिंगचं?"

"छे छे," सोपानराव घाईने म्हणाले. "ज्येष्ठ आहेत. जमीन त्यांची." ते दाराकडे सरकले. "रहिवासी म्हणून मी तक्रार मागे घेतो."

"आणि सेक्रेटरी म्हणून?" मी विचारलं.

"सेक्रेटरींना काही ऐकू आलेलं नाही," असं म्हणून ते जिन्याने खाली गेले.

दार लागलं आणि तेजस्विनी भिंतीला टेकून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, गादीवर बसली, परत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "रविवारी मी तुला काय विचारलं होतं, अजिंक्य?"

"काही सुचतंय का."

"आणि तू पाना शोधायला गेलास. मला वाटलं, संपलं आपलं. मला वाटलं, आता याला मी नाही, घरातलं सामान दिसतं."

हे तिने इतक्या साध्या आवाजात सांगितलं, की मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. "दोन चढाया रिकाम्या गेल्या होत्या," मी म्हणालो. "तिसरीची भीती वाटत होती. पलंग सोपा होता."

तिने माझ्याकडे बघितलं. गुणफलकापाशी उभ्या असलेल्या त्या पोराकडे बघितलं होतं तसं नव्हे, त्याहून दमलेल्या आणि त्याहून जवळच्या नजरेने. मग तिने चादरीवर बोटाने आडवी रेघ ओढली.

"तिसरी आहे," ती म्हणाली. "करो या मरो. दम आहे का?"

"नाही."

"मलाही नाही. सावकाश ये."

मी सावकाश गेलो. सामन्याचा वृत्तान्त देण्याची पद्धत नाही, पण एवढं नमूद करतो, की डाव्या कोपऱ्याची पकड अजून तशीच आहे, घोट्याला हात पडला की सुटका नाही, आणि या खेपेला मला सुटायचंही नव्हतं. बोनसवरून वाद झाला. मध्यंतरात ताक झालं. तिच्या गळ्यात शिट्टी राहिली होती हे आमच्या लक्षात आलं नाही. ती मधेच एकदा वाजली. कोणाकडून वाजली याबद्दल आमच्यात आजही मतभेद आहेत.

संध्याकाळी आईची रिक्षा आली म्हणून आम्ही दोघं खाली गेलो. वीज अजून यायची होती. आई प्रसादाच्या पिशव्या उतरवत असताना सोपानरावांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा भक्तिभाव होता.

"अजिंक्यराव, तुम्ही ऐकलंत? दुपारी पुन्हा. मी खाली गेलो आणि थोड्या वेळाने पुन्हा. आणि काय सांगू, कुरकुर नव्हे, हादरे! आमच्या छताचा पोपडा सुटून चहात पडला. मधे तर शिट्टीसुद्धा ऐकली मी." त्यांनी बाकावर निवांत बसलेल्या लक्ष्मणरावांकडे बघितलं. "एकाच दुपारी दोनदा. या वयात. मानलं पाहिजे."

माझी छाती फुगली. मी तोंड उघडलं. याही वेळी एक वाक्य पुरेसं होतं, आणि या वेळी ते खरं होतं. सात-आठ महिन्यांनी मिळवलेला विजय, आणि गुण चढत होते भलत्याच संघाच्या फलकावर. तेवढ्यात आईच्या पिशवीवरून तेजस्विनीने माझ्याकडे बघितलं. मी तोंड मिटलं.

"जुनी माणसं," मी म्हणालो. "त्यांचं खाणंपिणंच वेगळं होतं."

सोपानराव बाकापाशी गेले आणि त्यांनी लक्ष्मणरावांना वाकून नमस्कार केला. लक्ष्मणरावांना काही कळलं नाही, पण त्यांनी आशीर्वाद दिला.

लिफ्ट बंद होती. पिशव्या घेऊन मी जिना चढायला लागलो आणि पहिल्या वळणावर माझा हात आपोआप मागे गेला.

"कंबर का धरलीस रं?" आईने विचारलं.

मी काही बोलायच्या आत मागून तेजस्विनी म्हणाली, "सामना होता, आई."

"आसं व्हय. कोन जिकलं?"

तेजस्विनी दोन पायऱ्या चढली. "लक्ष्मणकाका," ती म्हणाली.

आई वळणावर थांबली, या माहितीचा तिने थोडा विचार केला, आणि पदराने घाम पुसला. "त्यो तरनेपनी बी लई चांगला खेळायचा म्हनं," ती म्हणाली. मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चढत राहिलो.